दुसरा फोन

येवला

चि. बाळास,


मुंबईला जाऊन स्टुडिओत बेस गिटार वाजवणार म्हणतोस, असं ताईकडून कळलं. मी ऑर्केस्ट्रात दिवस काढलेत, तेव्हा तुला अडवणार नाही. पण एखाद्या अरेंजरकडचं पहिलं काम ओळखीवर मिळतं. पोट चालतं ते त्याच अरेंजरच्या दुसऱ्या फोनवर. तो येईल असं वाजव आणि तसाच वाग.

स्टुडिओत नाव होईलच असं धरू नकोस. टोनी वाझ हे आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक. गाणी घरोघरी पोचली, त्यांचं नाव जाणकारांपुरतंच राहिलं. त्या काळी रेकॉर्डिंगला सगळे वादक एकत्र वाजवायचे. एकजण चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. गोव्याच्या कितीतरी वादकांनी लहानपणीच चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवलेलं, त्यामुळे समोर कागद आला की वाजवायला सुरुवात. तुझा कान तयार आहे, पण तुला कागद वाचता येत नाही. आधी ते शीक.

आता वादक बहुधा एकटाच, कानात क्लिक घेऊन वाजवतो. पुष्कळदा बेस कीबोर्डवरच भरून घेतात. तरीही माणूस बोलावला, तर तो हातासाठी. स्वर कुठे तोडायचा, यात खरी मेख आहे. ड्रमचा ठोका पडून गेला की डावं बोट तारेवरच ठेवून दाब सैल कर. स्वर जागच्या जागी थांबतो. रोज अर्धा तास एवढंच कर. मोकळी जाड तार साधारण 41 हर्ट्झला बोलते, मोबाइलच्या स्पीकरला ते झेपत नाही. स्वतःचं रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर ऐकत जा.

पैशाची बोली वाजवण्याआधी कर. तारीख, स्टुडिओ, गाणं, ठरलेली रक्कम वहीत लिही, कारण बिदागी रखडते. गाणं गाजलं म्हणून पुढे काही मिळेल, हे धरून चालू नकोस. सहा महिन्यांचं भाडं गाठीला जमेपर्यंत ऑर्केस्ट्राची सुपारी नाकारू नकोस. स्टेजवर वाजवण्यात कमीपणा नाही.

वेळेच्या अर्धा तास आधी पोच, गिटार लावून बस, आणि अरेंजरने सांगितल्याशिवाय करामती दाखवू नकोस.

संक्रांतीला ये. पतंगांचे तीन दिवस येवला सोडवत नाही, ठाऊक आहे. पण ऐन करीला रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं, तर मांज्याची आसारी धाकट्याच्या हातात दे आणि मनमाडला जाऊन गाडी पकड.

तुझा,
मामा