कापडी तंबूची बांधणी व टिकाऊपणा

उसाची तोड, खळ्यावरील राखण, द्राक्षांचा हंगाम अशा प्रसंगीं शेतकऱ्यास शिवारांत निवारा उभारावा लागतो. पाचटाची खोप स्वस्त खरी. पण तिला आगीचें भय असतें व ती दरसाल नवी करावी लागते. प्लॅस्टिकची ताडपत्री पाऊस अडविते, परंतु तींतून हवा खेळत नाहीं. निजणारांच्या श्वासाची वाफ आंतल्या बाजूस जमून पहांटे अंथरुणावर ठिबकते. म्हणून कित्येक बागाईतदार सुती कॅन्व्हासच्या तंबूकडे वळतात. हा खर्च एकदां करून पुष्कळ वर्षें पुरवावयाचा असतो. यास्तव तंबू पारखावा कसा व राखावा कसा, याचा येथें विचार करूं. महसूल खात्याच्या नोकरींत तंबूंची देखभाल आमच्याकडे बरींच वर्षें होती. तींत आमच्याच हातून एक मोठी चूक घडली. तीही पुढें सांगूं.

प्रथम आकार पाहूं. अबुल फजल यानें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत बादशाही तंबूंचे प्रकार नोंदले आहेत. त्यांत रावटी व शामियाना हीं आपल्या ओळखीचीं नांवें आढळतात. शेतकऱ्याच्या उपयोगाचे प्रकार मुख्यतः तीन. एकखांबी गोल तंबू लवकर उभा राहतो व वारा कोणत्याही दिशेनें आला तरी त्यास सपाट बाजू सांपडत नाहीं. पण सर्व ताण एका शेंड्यावर येतो, म्हणून तेथें कापडाचें दुहेरी किंवा तिहेरी ठिगळ हवेंच. दुसरी राहुटी. हींत दोन खांब व त्यांवर आडवें आढें असतें. ताण आढ्याच्या सर्व लांबीवर वांटला जातो. मात्र तिची लांब बाजू वाऱ्याकडे करूं नये, अरुंद बाजू करावी. तिसरा प्रकार उभ्या कनातींचा. यांत माणूस भिंतीजवळहि ताठ उभा राहूं शकतो. परंतु तणावे व मेखा अधिक लागतात आणि एक मेख उपटली कीं सबंध बाजू डगमगते.

यांपैकीं कोणताहि प्रकार घ्या, छत दुहेरी असलें तर उत्तम. दोन छतांमध्यें वीतभर हवा राहिली कीं दुपारचें ऊन आंतल्या कापडापर्यंत थेट पोंचत नाहीं. शिवाय ऊन खाऊन कापड विरतें तें वरचें. तेवढेंच बदलतां येतें.

आतां कापड. सुती धागा पाणी प्यायला कीं फुगतो, विणीचीं छिद्रें बुजतात व पाणी आंत झिरपत नाहीं. यासाठीं नवा तंबू वापरण्यापूर्वीं दोनतीनदां उभा करून भिजवावा व तसाच वाळूं द्यावा. पावसांत आंतून छतास हात किंवा सामान टेकवूं नये. टेकल्या जागीं पाणी ओघळूं लागतें. निव्वळ सुताला बुरशी लवकर लागते, म्हणून हल्लीं सूत व पॉलिएस्टर यांचें मिश्र कापड बरेंच वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कचेरीच्या कुटुंब-तंबूचें कापडहि असेंच मिश्र असतें. त्या तंबूचें मुख्य दालन १६ चौरस मीटर, व दोन टोकांच्या पडव्या धरून २३ चौरस मीटर भरतें. इतक्या विचारपूर्वक ठरविलेल्या तंबूकडूनहि, तो अखंड उभा ठेवल्यास, किमान एक वर्ष टिकण्याचीच अपेक्षा धरतात. यावरून उघड्यावर कापडाचा ऱ्हास किती त्वरेनें होतो, हें ध्यानांत यावें.

परंतु नुसत्या जाड कापडावर भुलूं नये. आमच्या अनुभवांत तंबू मध्यभागीं क्वचितच फाटतो. तो शिवणीवर, कोपऱ्यावर किंवा तळाशीं जातो. शिवण दोन्ही कांठ एकमेकांत दुमडून वर दोन टिपा मारलेली असावी. दोर ओंवण्याचीं कडीं पितळेचीं असावीं. लोखंड गंजतें, व गंज भोंवतालचें सूत खातो. मातीला टेंकणारी तळपट्टी वेगळी जोडलेली व न कुजणाऱ्या कापडाची असावी. दुकानदार तंबूचें वजन सांगेल. आपण या तीन जागा बोटांनीं चाचपून पाहाव्या.

तणावे सुती किंवा तागाचे असतील तर ते भिजल्यावर आखडतात. सायंकाळीं आभाळ आलें कीं ते थोडे सैल करावे. न केल्यास मेख उपटते किंवा कडें कापडासकट निघतें. नायलॉनचा तणावा कुजत नाहीं, पण भिजल्यावर तो सैल पडतो. तो पुन्हां ताणावा लागतो.

आतां आमची चूक. सन २००५ मध्यें आम्ही एका तालुका कचेरींत जडसंग्रहाची नोंदवही सांभाळीत होतों. तींत बारा तंबू ‘सुस्थितींत’ म्हणून दाखल होते व खालीं आमची सही होती. आदल्या वर्षीं एका शिबिराहून ते भर पावसांत परत आले, तसेच गुंडाळून गोदामांत पडले. वार्षिक मोजणीस आम्हीं गठ्ठे मोजले, उलगडले मात्र नाहींत. त्या जुलैंत पूर आला. नदीकांठची कुटुंबें शाळेच्या पटांगणांत आणलीं आणि तंबू सोडले, तों घड्यांवर काळे डाग, व हातानें ओढतांच कापड भिजल्या पापडासारखें तुटूं लागलें. बारांपैकीं चार उभे राहिले. एका बाळंतिणीनें ती रात्र शाळेच्या ओसरीवर, वाऱ्याकडे पाठ करून काढली. तिनें आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. परंतु नोंदवहींतील तो ‘सुस्थितींत’ शब्द त्या रात्रीपासून आमच्या मनांतून गेला नाहीं.

दोष कापडाचा नव्हता, विणकराचा नव्हता. ओल व अंधार मिळाला कीं बुरशी सुताचें अन्न करते, व त्यास फार दिवस लागत नाहींत. म्हणून पुढील नियम पाळावे. ओला तंबू नाइलाजानें गुंडाळावा लागला तर एकदोन दिवसांत सोडून पुरता वाळवावा. शिवणी व तळपट्टी सर्वांत शेवटीं वाळतात, तेथें हात लावून पाहावा. चिखल ओला असतां घांसूं नये, वाळल्यावर झाडावा. गठ्ठा जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावा व उंदरांपासून जपावा. दर मोजणीस तो उलगडावा आणि घडी दरखेपेस निराळ्या जागीं घालावी. पाणी अडविण्याचा गुण कमी झाल्यास साबणाचें पाणी लावून वाळवावें व वरून तुरटीचें पाणी द्यावें. दोहोंच्या संयोगानें पाणी न धरणारा थर धाग्यावर बसतो.

शेतकरी बंधु बियाण्याची कणगी पेरणीपूर्वीं उघडून पाहतात, केवळ बाहेरून थापटून समाधान मानीत नाहींत. तंबूच्या गठ्ठ्यासहि तोच न्याय लावावा. आपल्या आसऱ्यास येणारा तोडणीचा मजूर लेंकराबाळांसह त्याच कापडाखालीं निजणार असतो. पाऊस येण्यापूर्वीं गठ्ठा सोडून पाहणें हें त्या आसऱ्याच्या मालकाचेंच काम आहे.