बोलणारा ढोल

'कम्युनिकेशन' म्हटलं की आपल्याला मोबाईलचा टॉवर नाहीतर व्हायवातला शॅननचा प्रश्न आठवतो. मी मात्र आज नैऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या 'डुंडुन' या ढोलाबद्दल लिहिणार आहे. हा ढोल नुसता वाजत नाही, चक्क बोलतो!

रचना सोपी. डमरूसारखं, कमरेत बारीक असं लाकडी खोड, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं आणि ती कातडी जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या. ढोल खांद्याला अडकवायचा, एका हाताने वाद्या दाबायच्या आणि दुसऱ्या हातातल्या वाकड्या काठीने वाजवायचं. वाद्या दाबल्या की ताण वाढतो, ताण वाढला की फ्रिक्वेन्सी वाढते. फर्स्ट इयरचं फिजिक्स, बास!

पण नुसत्या सुराचा शब्द कसा होतो? कारण योरुबा भाषेत अर्थच सुरावर ठरतो. उंच, मध्यम आणि खालचा असे तीन सूर. 'ऑकॉ' हा शब्द घ्या. मध्यम-मध्यम म्हटलं तर नवरा, मध्यम-उंच म्हटलं तर कुदळ, मध्यम-खालचा म्हटलं तर वाहन. ढोल हेच सूर काढतो.

आता खरी अडचण. 'क' आणि 'ब' यातला फरक ढोलाला दाखवता येत नाही. दोन अक्षरांना सुरांच्या जुळण्या फक्त ३ × ३ = ९, आणि शब्द कितीतरी! म्हणून वादक सुटे शब्द वाजवत बसत नाही. तो म्हणी वाजवतो, 'ओरिकी' म्हणजे माणसाची, घराण्याची स्तुतिवचनं वाजवतो. आठ अक्षरांना ६५६१ जुळण्या होतात, शिवाय वाक्य ओळखीचं, त्यामुळे घोटाळा टळतो. आपण 'नाचता येईना' एवढंच म्हटलं तरी समोरचा अंगणापर्यंत पोचतोच ना, तसंच. शॅननने १९४८ साली ज्या रिडन्डन्सीचं गणित मांडलं, ती ढोलवाल्यांनी त्याच्या कितीतरी आधी कामाला लावली होती.

ही विद्या घराण्यातून चालत येते. वादकांच्या घरातली नावं बहुधा 'आयान'ने सुरू होतात आणि मुलं लहानपणापासून ऐकत ऐकत शिकतात. पण मला वाटतं, या सिस्टीमचा सर्वात नाजूक भाग ढोल नाही, ऐकणारा आहे. म्हणी त्याच्या डोक्यात नसतील तर सिग्नल स्वच्छ पोचूनही मेसेज शून्य! ढोल फाटला तर नवं कातडं चढवता येतं. भाषा विसरलेल्या कानाला मात्र स्पेअर पार्ट मिळत नाही.