घोटा मुरगळला, सूज उतरेना

सह्याद्रीत पाय मुरगळतो तो बहुधा उतरताना. चढताना दम लागतो, घाम निघतो, पण प्रत्येक पाऊल बघून टाकलं जातं. गड पाहून झाला, डबे रिकामे झाले आणि परतीची वाट धरली की मांड्या थकलेल्या असतात, लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं आणि पायाखाली नेमका घसारा येतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सांधण दरीतले सुटे धोंडे, पावसाळ्यात शेवाळलेल्या लोहगडाच्या पायऱ्या, या सगळ्यांनी अनेक घोट्यांची परीक्षा घेतली आहे.

याला थकव्याइतकीच हाडांची रचनाही कारण आहे. घोट्याच्या सांध्यात टॅलस नावाचं हाड नडगीच्या दोन हाडांच्या खोबणीत बसलेलं असतं. ते पुढच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद असतं. चढताना पाऊल नडगीकडे झुकतं, रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो आणि सांधा पक्का होतो. उतरताना चवडा खाली गेला की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा थोडा सैल पडतो. त्याच क्षणी दगड सरकला तर तळवा आत वळतो आणि बाहेरच्या घोट्याला धरून ठेवणाऱ्या तीन लिगामेंट्सवर, म्हणजे अस्थिबंधांवर, सगळा भार येतो. सर्वांत आधी ताणला जातो किंवा फाटतो तो पुढचा अस्थिबंध.

मोडलंय की मुरगळलंय?

डोंगरावर पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण सुजेच्या आकारावरून देतात. ती फसवी खूण आहे. कॅनडातल्या ओटावा इथे डॉ. इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये घोट्याच्या एक्स-रेसाठी जे नियम मांडले, त्यांत सुजेला जागाच नाही. दुखापत झाल्या झाल्या आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाची मागची कड, खालच्या टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहावी. तिथे दुखलं तरी एक्स-रे हवा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो. तिथे किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखत असेल, तरीही तोच निर्णय.

यांतलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. मात्र पाय बधिर झाला असेल, दुसरीकडेही मोठा मार लागला असेल किंवा जखमी माणूस नीट शुद्धीवर नसेल, तर या नियमांवर विसंबू नये.

खाली उतरायचं कसं

चालत उतरणं शक्य असेल तर बूट काढण्याची घाई करू नये. सूज चढल्यावर तो पुन्हा पायात जात नाही, आणि बुटाइतका चांगला आधार सॅकमध्ये दुसरा नसतो. नाडी थोडी सैल करावी. सपाता किंवा हलके शूज असतील तर क्रेप बँडेज बोटांच्या बुडापासून सुरू करून टाचेभोवती इंग्रजी आठच्या आकारात, घोट्याच्या वरपर्यंत बांधावं. बोटं थंड, निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सोडून पुन्हा सैल बांधावं. जखमीची सॅक इतरांनी वाटून घ्यावी आणि हातात दोन काठ्या द्याव्यात. पायऱ्या किंवा टप्पे उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा. वाटेत चढ लागला तर धड पाय आधी.

पाय टेकवताच येत नसेल तर हट्टाने ओढत नेण्यात शहाणपण नाही. पायथ्याच्या गावातली माणसं, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर हे मदतीचे मार्ग आहेत. लोणावळा-खंडाळा परिसरात शिवदुर्ग मित्र ही संस्था बचावकार्य करते. रेंज असलेली जागा सोडून पुढे जाण्याआधीच फोन करावा.

पहिले तीन दिवस

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी ‘राइस’ या नावाने रूढ झाली ती १९७८ मध्ये, अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांच्या पुस्तकातून. साडेतीन दशकांनंतर मर्किन यांनीच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं आपलं मत बदललं. आजचा कल असा आहे की बर्फ वेदना कमी करण्यापुरता वापरावा: फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून काही वेळा. आठवडाभर पलंगावर पडून राहण्यापेक्षा, दुखणं सोसेल तितका भार लवकर देत गेलेला बरा.

पाय उंच म्हणजे किती उंच, यात बरेच जण चुकतात. समोरच्या स्टुलावर टाकलेला पाय उंच नव्हे. आडवं पडून, खाली दोन-तीन उशा घेऊन, पाऊल छातीच्या पातळीच्या वर गेलं पाहिजे.

या दिवसांत गरम शेक, जोरकस मालिश आणि मद्य टाळावं. तिन्हींनी आत रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. घरात आंबेहळदीचा लेप निघतोच. त्वचा फुटलेली नसेल तर तो लावायला हरकत नाही. पण पाय ओढून, पिळून ‘बसवून’ देणाऱ्यांपासून दूर राहावं. मुरगळलेल्या घोट्यात काही निसटलेलं नसतं, तंतू ताणलेले किंवा फाटलेले असतात. पिळण्याने ते आणखी फाटतील.

सूज का रेंगाळते

सौम्य मुरगळ एक ते तीन आठवड्यांत, मध्यम तीन ते सहा आठवड्यांत निवळते. अस्थिबंध पूर्ण तुटला असेल तर तीन महिने किंवा अधिक लागतात. सुजेचं वेळापत्रक मात्र वेगळं. दुखणं थांबल्यावरही ती कित्येक आठवडे, कधी काही महिने, घोट्याखालच्या खळग्यात राहू शकते. भटके नेमके याच काळात गोंधळतात. दुखत नाही म्हणून कुणी पुढच्याच रविवारी कळसूबाईला निघतं, तर कुणी सूज दिसते म्हणून दोन महिने पाऊलच हलवत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, सूज टिकते.

पायातला द्रव वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात, तेही घोटा पूर्ण वाकला तरच. लंगडत चालताना घोटा ताठ राहतो आणि हे काम थांबतं. ऑफिसात खुर्चीवर आठ तास, लोकलमध्ये उभ्याने तासभर, की संध्याकाळी मोज्याच्या रबराचा वळ उमटलेला दिसतो. मांडी घालून बसल्यावर तर चवडा खाली आणि तळवा आत वळतो. हीच दुखापतीची स्थिती, त्यात बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे जेवायला टेबल-खुर्ची घ्यावी आणि वज्रासनही लांब ठेवावं.

सूज डोळ्यांनी जोखण्यापेक्षा शिंप्याच्या टेपने मोजावी. टेप घोट्याभोवती आणि तळव्याखालून इंग्रजी आठच्या आकारात फिरवून दोन्ही पायांचं माप घ्यावं, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. रात्री वाढलेलं माप सकाळपर्यंत उतरत असेल तर पाय दिवसाचा भार पेलतो आहे. सकाळचं मापच आदल्या दिवसापेक्षा वाढलं असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करावं. दिवसा दाब देणारा मोजा घालावा आणि रात्री काढावा. दर तासाला वीस-तीस वेळा पाऊल वर-खाली करावं.

सहा आठवड्यांनंतरही सकाळी सूज असेल, सांधा आत अडकल्यासारखा वाटत असेल, नडगीच्या खालच्या भागात घोट्याच्या वर दुखत असेल किंवा सपाट रस्त्यावरही पाय दगा देत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. टॅलसच्या कूर्चेची इजा, नडगीच्या दोन हाडांना जोडणाऱ्या बंधांची इजा किंवा नजरेतून सुटलेलं बारीक फ्रॅक्चर यामागे असू शकतं. पोटरी दुखून गरम आणि घट्ट झाली असेल तर ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर कारण मुरगळ नव्हे, वेगळी तपासणी हवी.

घोट्याला पुन्हा शिकवणं

अस्थिबंधात पावलाची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतूही असतात. मुरगळीत त्यांनाही मार बसतो, आणि दुखणं गेलं तरी ही जाण आपोआप परतत नाही. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचं हे मोठं कारण आहे. तोल साधण्याच्या व्यायामांनी हा धोका कमी होतो, आणि त्यांना पैसे लागत नाहीत.

पहिल्या आठवड्यात अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवावी. पुढे चवड्यावर टॉवेल अडकवून पाऊल आपल्याकडे ओढावं. मग भिंतीला धरून टाचा उचलाव्यात, आधी दोन्ही, नंतर एका पायाची. त्यानंतर एका पायावर उभं राहणं: दात घासताना जमिनीवर, मग डोळे मिटून, मग दुमडलेल्या सतरंजीवर.

परत डोंगरात केव्हा

१९ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर बांगलादेशविरुद्ध गोलंदाजी करताना हार्दिक पंड्याने फटका पायाने अडवला आणि त्याच्या डाव्या घोट्याला दुखापत झाली. ४ नोव्हेंबरला तो विश्वचषकाबाहेर गेला. मैदानात परतला तो फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील टी-ट्वेंटी स्पर्धेत. फिजिओंची फौज हाताशी असूनही चार महिने गेले. ट्रेकची तारीख म्हणूनच कॅलेंडरने ठरवायची नसते.

पायानेच चाचण्या द्याव्यात. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा. अंगठा भिंतीपासून जितका दूर ठेवून हे जमतं, त्या अंतरात दोन पायांमधला फरक एक-दीड सेंटीमीटरच्या आत हवा. उकिडवं बसल्यावर दोन्ही टाचा सारख्या टेकाव्यात. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट तोल राहावा, वीस वेळा टाच उचलता यावी आणि न दुखता उड्या मारता याव्यात.

हे जमलं की वाट टप्प्याटप्प्याने वाढवावी. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि वेताळ टेकडी आहे, मुंबईकरांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा डांबरी रस्ता. मग लोहगडासारखा पायऱ्यांचा गड, मग आतकरवाडीतून सिंहगड. नाळा, घसारे आणि धोंड्यांच्या घळी सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टेप लावावी. माप वाढलं नसेल तरच पुढचा टप्पा.

पहिले काही महिने नाड्यांचा अँकल ब्रेस घालावा. आधी मुरगळलेल्या घोट्याला त्याचा निश्चित उपयोग होतो. उंच गळ्याचे बूट मात्र एकट्याने ही हमी देत नाहीत. उतरण्याआधी नाड्या पुन्हा आवळाव्यात, काठ्या उघडाव्यात आणि पावलं आखूड टाकावीत. आणि ग्रुपमधून जाणार असाल तर घोट्याची दुखापत लीडरला निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे उतरायला हाताशी तासभर जास्त ठेवता येईल.