ध्येय कोणाचे?

मुलांनो व पालकहो,

'घरी मराठीच बोलायचे' असे गेल्या वर्षी आपण वर्गात ठरवले आणि दिवाळीपर्यंत विसरलोही. आम्ही संगणकवाले कचेरीत दर तीन महिन्यांनी ध्येये लिहून देतो; चूक आम्हाला तेव्हाच दिसायला हवी होती.

उद्दिष्टे वरिष्ठांशी बोलून, पण ज्याची त्याने ठरवावीत, असे पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडले. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी त्याला जोड दिली: ध्येयाखाली मोजता येतील अशा थोड्या खुणा लिहायच्या. हीच रीत जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलला शिकवली.

जॉर्ज डोरन यांची १९८१ची 'स्मार्ट' कसोटी पाच अक्षरांची. त्यातल्या 'ए'चा अर्थ आज बहुतेक जण 'साध्य होण्याजोगे' असा सांगतात. मूळ लेखात मात्र तो 'काम कोणाकडे सोपवले' असा होता! नेमके तेच आपण लिहिले नव्हते.

यंदा ध्येय तेच. खूण अशी: रविवारी आजीशी फोनवर दहा मिनिटे मराठीत बोलायचे, इंग्रजी वाक्य आले की वहीत फुली. फुल्या मोजायचे काम आमच्या धाकटीने मागून घेतले आहे. सर्वांत जास्त फुल्या आमच्याच नावावर आहेत.

तुमच्या घरी हे काम कोणाकडे, ते पुढच्या रविवारी वहीत लिहून आणावे.