वाईट वळण आणि सोबत्यांचे हसू

वयात येणारा मुलगा बिघडला की आपण लगेच कारण सांगून मोकळे होतो. कोणी म्हणतो, बापाचा धाक नाही. कोणी म्हणतो, आईने लाडावून ठेवला. घरातली मारझोड, दारू, शाळेत वारंवार नापास होणे, ही कारणे खरीच आहेत, त्यांविषयी वाद नाही. परंतु बारा ते अठरा या वयात आणखी एक कारण फार बलवान असते, ते म्हणजे सोबती. संगत वाईट, एवढे तर आपल्या आज्याही सांगत. ती संगत काम कसे करते, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. कारण ते न पाहिल्यामुळे सुधारायला गेलेल्या भल्या माणसांच्या हातून पोरांचे नुकसान झाले आहे.

अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही दोन शहरे आहेत. डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने १९३९ च्या सुमारास तेथे मोठे सत्कार्य सुरू झाले. सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावल्या, आणि कोणाला मदत द्यायची, कोणाला नाही, हे नाणे उडवून ठरविले. अखेरीस २५३ जोड्या राहिल्या. मदत म्हणजे काय? तर कार्यकर्ता महिन्यातून साधारण दोनदा भेटे, अभ्यासाला मदत करी, औषधपाणी पाही, उन्हाळ्यात कित्येकांना शिबिराला धाडी. सरासरी साडेपाच वर्षे अशी मदत मिळाली. १९४५ साली ते काम संपले.

तीस वर्षांनी जोन मॅक्कॉर्ड या विदुषींनी त्या मुलांचा, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांचा, शोध घेतला. सुमारे दोन-तृतीयांश जण म्हणाले, त्या मदतीने आमचे भले झाले. पण १९७८ साली छापलेला हिशेब उलट निघाला. एकाहून अधिक गुन्हे करणारे, दारूच्या आहारी गेलेले, लवकर वारलेले, हे मदत मिळालेल्यांतच अधिक! पुढे आणखी खोदून पाहिल्यावर १९९९ साली एक धागा हाती लागला. अधिक नुकसान झाले ते एकाहून अधिक वेळा शिबिराला धाडलेल्या मुलांचे.

शिबिरात असे काय घडत असावे? थॉमस डिशन या अभ्यासकांनी ऑरेगॉनमध्ये मुलगा व त्याचा मित्र यांना एकत्र बसवून पंचवीस मिनिटांच्या गप्पांचे चित्रण केले. चोरीचा, मारामारीचा विषय निघाला आणि मित्र खदखदून हसला, की पोरगा तेच पुढे रंगवून सांगे. ज्या जोड्यांत असे हसू अधिक, त्या मुलांचे वागणे पुढील वर्षांत अधिक बिघडले. तिथे वाईट शिकवायला कोणी गुरू नव्हता हो, नुसते हसू होते! बापाच्या चार रट्ट्यांपेक्षा त्या हसण्याची किंमत पोराला जास्त वाटते.

आता कोणी म्हणेल, मग काय पोराला घरात कोंडावे? तसे नाही. सोबत तर हवीच. पण सगळी एका वयाची, एका खोडीची नकोत. तालमीत, भजनात, शेतावर लहान-थोर मिसळलेले असतात. तिथे पोराने फुशारकी मारली तर शेजारचा म्हातारा हसत नाही, "टाळ नीट धर" म्हणतो. आणि वात्रटपणा तिथेच विरतो.

आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे, आणि निरीक्षणगृहात ठेवावेच लागले तर वय व गुन्ह्याचे स्वरूप पाहून मुले वेगळी ठेवावीत असे सांगितले आहे. गावात असा कायदा कोण पाळणार? एखादे पोर चार खोड्या करते, शाळेतून त्याचे नाव कमी होते, शेजारीपाजारी आपापल्या मुलांना बजावतात, "त्याच्याशी बोलू नकोस." मग ते संध्याकाळी पारावर येते, तर तिथे त्याच्यासारखीच हाकलून दिलेली आणखी तिघे बसलेली असतात.