कोरा कागद आणि कात्री

चित्रकलेच्या तासाला एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. सर फळ्यावर विषय लिहितात, 'आमचे गाव'. थोडा वेळ कागदांची सळसळ होते आणि मग वर्ग एकदम शांत होतो. कोणी पेन्सिलीला टोक करू लागतो आणि करतच राहतो. कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. पंधरा मिनिटांनी पाहावे, तर अर्ध्या कागदांवर दोन डोंगर, त्यांच्यामध्ये उगवता सूर्य, खाली कौलारू घर, नदी आणि नारळाचे झाड! उरलेले कागद कोरेच.

आता बेंबळीच्या शिवारात जरा उभे राहून पाहा. काळी जमीन, सोयाबीन, तूर, बांधावरची बाभूळ, उन्हाने पांढरी पडलेली वाट. नारळाच्या रांगेतून वाहणारी नदी आपल्याकडे कुठे आहे? ते चित्र आपल्या डोळ्यांनी पाहिलेले नाही. ते कोणाच्या तरी वहीतून दुसऱ्याच्या वहीत गेले आणि तिथून आपल्या हातात आले. म्हणून मला वाटते की कोरा कागद आणि ते दोन डोंगर ही एकाच अडचणीची दोन रूपे आहेत. 'चुकेल' ही भीती मनात बसली की हात थांबतो, नाहीतर पाठ झालेले तेच ते काढत राहतो.

ही अडचण फक्त मुलांची नाही. मोठमोठ्या चित्रकारांनाही ती येते. प्रभाकर बरवे हे महाराष्ट्राचे नामवंत चित्रकार. त्यांचा जन्म १९३६ साली झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात ते शिकले आणि पुढे विणकर सेवा केंद्रात अनेक वर्षे काम केले. झाडाचे पान, घड्याळ अशा अगदी साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत दिसतात. चित्र मनात कसे तयार होते, यावर त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'कोरा कॅनव्हास' असे आहे! चित्रकाराने आपल्या पुस्तकाला हे नाव द्यावे, यावरून त्या कोऱ्या जागेचा विचार त्यांनी किती केला असेल, हे समजते.

मग हात चालू कसा करायचा? त्याचा एक जुना आणि सोपा मार्ग आहे. काढू नका, आधी कापा आणि चिकटवा. कागद, कापड, पाने, जे मिळेल त्याचे तुकडे एकत्र चिकटवून केलेल्या चित्राला 'कोलाज' म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्या भाषेत 'चिकटवणे' या क्रियापदापासून तो तयार झाला आहे. १९१२ साली पाब्लो पिकासो या चित्रकाराने एका चित्रात वेताच्या खुर्चीची विण रंगवली नाही. तशी विण छापलेले मेणकापड आणून त्याने सरळ चित्रावर चिकटवले आणि चित्राच्या कडेने खरी दोरी लावली. त्या काळी युरोपात याचे मोठे नवल वाटले.

आपल्याला मात्र त्याचे इतके नवल वाटायला नको. आपल्या घरातली गोधडी आठवा. आजीच्या जुन्या लुगड्याचा काठ, अब्बांच्या सदऱ्याचा तुकडा, लहानपणच्या फ्रॉकची फुले, सगळे एका जागी येते. गोधडी शिवायला बसलेली बाई कोऱ्या कापडाकडे पाहत विचार करत बसत नाही. ती चिंध्यांचे गाठोडे सोडते, दोन तुकडे शेजारी ठेवते, पटले नाही तर तिसरा उचलते. गोधडीची नक्षी अशी हातानेच सुचत जाते.

आणि तुमच्या मातृभाषेत तर या कलेचा सुंदर शब्द शेकडो वर्षांपासून आहे. तो शब्द 'मुरक्का'. बादशहांच्या काळात वेगवेगळ्या चित्रकारांची चित्रे आणि खुशनवीसांनी लिहिलेली पाने जमवत. ती कापून एका मोठ्या पानावर चिकटवत, भोवती नक्षीचा हाशिया काढत आणि त्यांचा ग्रंथ बांधत. असा ग्रंथ म्हणजे मुरक्का. जहांगीर बादशहाचा 'मुरक्का-ए-गुलशन' प्रसिद्ध आहे. आज तो तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. त्यात हिंदुस्थानी आणि इराणी चित्रांच्या सोबतीला युरोपातून आलेली छापील चित्रेही चिकटवलेली आहेत. 'मुरक्का' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ काय, माहीत आहे? ठिगळे लावलेला! फकिरांच्या ठिगळाच्या झग्यालाही हेच नाव होते. याच मूळ धातूपासून 'रुक्आ' म्हणजे ठिगळ, कागदाचा तुकडा, चिठ्ठी हा शब्द झाला. आपण 'रुक्का' म्हणतो तो हाच. म्हणजे गोधडी, फकिराचा झगा आणि बादशहाचा ग्रंथ हे सगळे एकाच घराण्यातले झाले.

आपल्या दख्खनमध्येही असे काम झाले. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात 'अब्री' कागद तयार होत असे. पाण्यावर रंग तरंगवून त्यावर कागद टेकवला की त्यावर ढगांसारखी नक्षी उमटते. 'अब्र' म्हणजे ढग, हे तुम्हाला सांगायला नको. त्या नक्षीच्या कागदातून घोड्यांचे आणि माणसांचे आकार साधून तेथील कलावंतांनी चित्रे केली. आपल्या जिल्ह्यातला नळदुर्गचा किल्ला तेव्हा याच आदिलशाहीत होता. सहलीला जाऊन तुम्ही त्याचा पाणीमहाल पाहिला असेल, तर तो काळ डोळ्यांपुढे आणता येईल.

तुकड्यांच्या या कलेने काही कलावंतांना फार मोठ्या संकटातून बाहेर काढले आहे. फ्रान्सचे आन्री मातीस यांचे १९४१ साली पोटाचे मोठे ऑपरेशन झाले. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर त्यांना उभे राहून रंगवणे कठीण झाले. बराच वेळ अंथरुणावर किंवा चाकांच्या खुर्चीत जाई. आयुष्यभर रंगात वावरलेल्या माणसाने काय करावे? त्यांनी मदतनिसांकडून मोठमोठे कागद एकेका रंगात रंगवून घेतले आणि हातात कात्री घेतली. पेन्सिलीने आकार न काढता ते सरळ कात्रीने पाने, पक्षी, लाटा कापत. तुकडे लगेच चिकटवत नसत. मदतनीस ते भिंतीवर टाचणीने लावत, मग मातीस दुरून पाहून 'थोडे वर', 'थोडे डावीकडे' असे सांगत. १९५३ साली त्यांनी 'गोगलगाय' नावाचे चित्र केले. ते जवळजवळ तीन मीटर रुंद आणि तेवढेच उंच आहे. रंगीत कागदांचे काही चौकोनी तुकडे गोल फिरत गेले आहेत, एवढेच त्यात आहे. पण त्याकडे पाहिल्यावर गोगलगाय दिसते.

त्याहूनही मला जवळचे वाटतात ते शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी. त्यांची नजर जन्मापासून अधू होती. एका डोळ्याने दिसत नव्हते, दुसऱ्याने फार कमी दिसे. तरी त्यांनी शांतिनिकेतनात मोठी भित्तिचित्रे रंगवली. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, १९५७ च्या सुमारास, त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. चित्रकाराचे डोळे गेले म्हणजे सगळे संपले, असेच कोणालाही वाटेल. विनोदबाबूंनी रंगीत कागद घेतले. ते कापले, घड्या घातल्या, बोटांनी कडा चाचपून तुकडे जागेवर बसवले. पेन्सिलीची रेघ बोटांना कळत नाही, पण कापलेल्या कागदाची कड कळते. त्या कडेच्या आधाराने त्यांनी पुढेही चित्रे केली. त्यांचे विद्यार्थी, चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' नावाचा माहितीपट काढला.

आता आपण विचार करू. पेन्सिलीने जे सुचत नाही, ते कात्रीने का सुचते? पहिले कारण असे, की तुकडा ठेवताच कागद कोरा राहत नाही. काहीच नसताना सुरुवात करणे अवघड असते. काहीतरी असले की त्याच्या शेजारी काय हवे, एवढाच प्रश्न उरतो. दुसरे कारण, तुकडा सरकवता येतो. पेन्सिलीची रेघ खोडली की डाग राहतो आणि मूल घाबरते. तुकडा उचलून दुसरीकडे ठेवला, तर कोणाला कळतही नाही. आणि तिसरी गंमत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तुकडा आपल्याला अनोळखी असतो. वर्तमानपत्रातल्या एखाद्या फोटोची राखाडी कड कापली, तर ती अचानक डोंगराची धार वाटते किंवा ढग वाटतो. पाठ झालेले दोन डोंगर तिथे कामाला येत नाहीत.

सामान विकत आणायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने, चहाच्या पुड्यांची वेष्टने, काड्यापेटीची चित्रे घरात असतातच. शिंप्याच्या दुकानात चिंध्या मागितल्या तर तो आनंदाने देईल. शेतातून तुराटीचे बारीक तुकडे, सोयाबीनची वाळकी शेंग, उसाचे पाचट, कणसाची साल आणा. कांद्याची साल वाळवून चिकटवली, तर तिच्यासारखा गुलाबी-तपकिरी रंग कोणत्याही डबीत मिळत नाही. चिकटवलेल्या तुकड्यांवर पेन्सिल, शाई, खडू, हळदीचे पाणी, चहाचे पाणी असे काहीही वापरता येते. अनेक साधने एकत्र वापरण्याला 'मिश्र माध्यम' म्हणतात.

चिकटवायला खळ करा. तुम्ही घरी तिला 'लेई' म्हणता. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग तो उकळत्या पाण्यात हळूहळू ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळत राहा. हे काम अम्मी किंवा आपा जवळ असतानाच करा. खळ पातळ लावा, जाड लावली तर कागद फुगतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ग्रंथालयाच्या पुस्तकाला कात्री लावायची नाही. आणि ज्या कागदावर पवित्र आयत, अल्लाहचे नाव किंवा कोणत्याही धर्माचे पूज्य चित्र असेल, तो तुकड्यांच्या ढिगात घ्यायचा नाही, बाजूला नीट ठेवायचा. काही घरांत माणसांची व प्राण्यांची चित्रे काढत नाहीत. त्यांनी घरे, झाडे, भांडी, कमानी, वेली घ्याव्यात. कोलाजात या गोष्टी फार खुलतात.

परीक्षेला बसणारे विचारतील, "सर, एलिमेंटरीच्या स्मरणचित्राच्या पेपरात चिकटवू देत नाहीत, मग याचा उपयोग काय?" प्रश्न बरोबर आहे. पण सराव करताना आधी 'आठवडी बाजार' चिंध्यांनी आणि कागदांनी मांडून पाहा. पालाच्या जागी कापड, मिरचीच्या ढिगाच्या जागी लग्नपत्रिकेचा लाल तुकडा. मांडणी पटली की ती पाहून दुसऱ्या कागदावर पेन्सिलीने काढा. परीक्षेत मग हाताला ती मांडणी आठवते. नारळाचे झाड मध्ये येत नाही.

हीच युक्ती मराठीच्या वहीतही चालते, आणि खरे सांगायचे तर मी तिचा उपयोग तिथेच जास्त करतो. मराठी निबंध म्हटले की तुमच्यापैकी कित्येकांचे पेन थांबते. मनात विचार उर्दूत येतो, तो मराठीत कसा उतरवावा, 'ळ' लिहावा की 'ल', हे ठरेपर्यंत विचारच निघून जातो. अशा वेळी मराठी वर्तमानपत्राचे एक जुने पान घ्या. आवडलेले पंधरा शब्द कापा. 'पाऊस', 'भाव', 'उशिरा', 'विहीर', 'मोर्चा', 'हसू', काहीही चालेल. ते बाकावर पसरा, दोन-दोन जोडून पाहा. 'उशिरा' आणि 'पाऊस' शेजारी आले की आपल्या गावाची अर्धी गोष्ट तयार झाली! पावसाची वाट पाहणे या जिल्ह्यातल्या कोणत्या घराला माहीत नाही? आता ते दोन शब्द वहीत चिकटवा आणि मधले शब्द स्वतःच्या अक्षरात लिहा. छापलेल्या शब्दाचे शुद्धलेखन बरोबरच असते, म्हणून तेवढी काळजी कमी होते. उर्दू वर्तमानपत्रातले शब्दही घेऊ शकता. उर्दू उजवीकडून येईल, मराठी डावीकडून जाईल, दोन्ही ओळी पानाच्या मध्यावर भेटतील. हे पान वहीत फार देखणे दिसते.

काम पूर्ण झाल्यावर त्यावर एक कोरा कागद ठेवा, वर जाड पुस्तके ठेवा आणि रात्रभर तसेच राहू द्या. घाईने उन्हात वाळवले तर कागद वाकडा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुटलेल्या कडा पाहा, तिथे बोटाने पुन्हा थोडी खळ लावा आणि ते पान वर्गात घेऊन या.

शब्दार्थ
शिवार – गावाभोवतीची शेतजमीन. ठिगळ – फाटक्या कापडावर लावलेला तुकडा, पैबंद. लुगडे – जुन्या पद्धतीची लांब साडी. पाचट – उसाची वाळलेली पाने. खळ – पिठाची लेई. पाल – बाजारात दुकानावर ताणलेले कापड.

स्वाध्याय
१. 'मुरक्का' आणि गोधडी यांत लेखकाला कोणते नाते दिसते?
२. विनोदबिहारी मुखर्जी यांना कापलेल्या कागदाची मदत कशी झाली?
३. कात्रीने का सुचते, याची लेखकाने दिलेली कारणे तुम्हाला पटतात का? स्वतःच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरच्या गोधडीतला एक तुकडा निवडा. तो कोणाच्या कपड्याचा आहे, हे घरात विचारून पाच-सहा ओळी लिहा.