कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचा एकात्मिक बंदोबस्त

शेंदरी अथवा गुलाबी बोंडअळी ही कपाशीची जुनी वैरीण होय. भडोच येथील नमुन्यांवरून सन १८४३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन करण्यात आले. सन २००२ पासून बीटी कपाशीची लागवड सुरू झाल्यावर काही वर्षे ही कीड मागे हटली. परंतु पुढे तिच्यात बीटी विषाला दाद न देण्याची शक्ती निर्माण झाली व सन २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीचे तिने अतोनात नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. केवळ औषधावर विसंबणे किती महाग पडते, हे यावरून ध्यानात यावे.

औषध निष्फळ का ठरते?

अंड्यातून बाहेर पडलेली अळी लवकरच कळीत किंवा बोंडात शिरते व तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. आत सरकी खाणाऱ्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. मात्र बाहेरील मित्रकीटक मरतात. म्हणून अनेक उपायांची योग्य वेळी सांगड घालणे, हेच एकात्मिक पद्धतीचे मुख्य तत्त्व होय.

हंगामापूर्वीची कामे

१. फरदड घेऊ नये. डिसेंबरअखेर पीक संपवून पऱ्हाट्या व किडकी बोंडे शेतातून काढून नष्ट करावीत. अळी सरकीत व बोंडात सुप्तावस्थेत राहून पुढील हंगाम गाठते.

२. उन्हाळ्यात खोल नांगरट करावी.

३. हंगामपूर्व लागवड टाळावी. लवकर येणाऱ्या वाणांची निवड करावी व गावाने एकाच सुमारास पेरणी उरकावी.

पाहणी व निर्णय

हेक्टरी ५ कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा किंचित उंच लावावेत व त्यांतील पतंग रोज मोजावेत. फुलोऱ्यात पाकळ्या न उमललेल्या डोमकळ्या शोधून अळीसह नष्ट कराव्यात. एकरी २० हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून फोडून पाहावीत. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आढळल्यास, अथवा २० पैकी २ बोंडे किडलेली आढळल्यास, आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. त्याखाली विषारी औषधावर खर्च करणे व्यर्थ होय.

जैविक व रासायनिक उपाय

पातळी गाठण्यापूर्वी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीचा भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावा, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा व एकूण १०० लिटर द्रावण करावे. अंड्यांवर उपजीविका करणारे ट्रायकोग्रामा जातीचे परोपजीवी कीटक हेक्टरी दीड लाख या प्रमाणात सोडावेत. ते सोडल्यावर काही दिवस विषारी फवारणी करू नये.

पातळी ओलांडल्यासच कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले एकच कीटकनाशक सांगितलेल्या मात्रेत वापरावे. दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. तोंडावर फडके, हातमोजे व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

शेंदरी बोंडअळीचा पतंग बांध ओळखत नाही. एका शेतात राहिलेली फरदड शेजाऱ्यांच्या कष्टांवर पाणी फिरवते. यास्तव हे काम साऱ्या गावाने मिळून, एकाच वेळी हाती घेणे अगत्याचे आहे.